गिऱ्हाईक कुठे उभं आहे?

छोट्या धंद्यांच्या ऑनलाइन जाहिराती सांभाळणं हा माझा व्यवसाय. कोकणातले होमस्टे, पुण्यातलं पाळणाघर, डोंबिवलीतला एसी दुरुस्तीवाला, देवगडचे बागायतदार, छत्रपती संभाजीनगरचं फर्निचरचं दुकान अशी माझी मंडळी. मोठ्या कंपनीचे पन्नास हजार वाया गेले तर तिच्या हिशेबात ते दिसतही नाहीत. माझ्या लोकांचे महिन्याचे दहा हजार म्हणजे दुकानात कामाला ठेवलेल्या एखाद्या पोराचा पगार असतो. हे पैसे सगळ्यात जास्त कुठे गळतात असं कुणी विचारलं, तर माझं उत्तर ठरलेलं आहे: ठिकाण चुकल्यामुळे. मजकूर बरा असतो, फोटो बरे असतात, भावही वाजवी असतो. पण ज्याला दिसायला हवी त्याला सोडून जाहिरात भलत्याच गावात भलत्याच माणसाला दिसत असते. या कामात जे हाती लागलं ते खाली मांडते.

१. तीन ठिकाणं वेगवेगळी धरा

शोधणारा माणूस आत्ता बसलाय कुठे, तो विचारतोय कुठलं, आणि त्याला हवी ती सेवा पोचायची कुठे? प्रत्येक शोधामागे ही तीन ठिकाणं असतात. दुकानदार पहिल्या दिवशी त्यातलं एकच सांगतो: "ताई, आमचं दुकान इथे आहे, इथेच जाहिरात लावा."

डोंबिवलीच्या एसी दुरुस्तीवाल्याला हे चालतं. ज्याचा एसी बंद पडलाय तो डोंबिवलीत, शोधतोय डोंबिवलीतलाच कारागीर, आणि कारागिराने जायचंय त्याच्याच घरी. तिन्ही ठिकाणं एक. पण हाच न्याय दापोलीच्या होमस्टेला लावला की घात झाला. दापोलीत बसून दापोलीतली खोली शोधणारे असतात, नाही असं नाही. रस्त्यातच ठरवणारे, हॉटेल आवडलं नाही म्हणून बदलणारे. पण मुख्य गिऱ्हाईक पुण्यात, ठाण्यात, कल्याणला असतं आणि रात्री जेवणं आटोपल्यावर सोफ्यावर बसून शोधत असतं. हर्णैच्या बाजूला घरगुती राहायची सोय करणाऱ्या एक काकू मला म्हणाल्या होत्या, "अगो, दापोलीतच दिसली नाही तर जाहिरात कसली?" त्यांची पाहुण्यांची वही आम्ही दोघींनी मांडीवर घेऊन चाळली. मे महिन्याच्या पानांवर कोथरूड, चिंचवड, डोंबिवली, मुलुंड, पुन्हा कोथरूड. दापोली तालुक्यातलं एकही नाव नव्हतं. त्यानंतर मला काही समजावून सांगावं लागलं नाही.

तिन्ही ठिकाणं वेगळी पडतात तेव्हा खरी कसोटी लागते. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एडिसनला राहणारी मुलगी पुण्यात एकट्या राहणाऱ्या आईसाठी रात्रपाळीची केअरटेकर शोधते. पैसे देणारी तिकडे, सेवा इकडे. पुण्यातल्या ब्युरोने जाहिरात फक्त पुण्यात लावली तर या मुलीपर्यंत ती पोचणं कठीण. आणि अमेरिका निवडली तरी वेळेचा घोळ उरतोच. गुगल ॲड्समध्ये जाहिरातीचं वेळापत्रक खात्याच्या घड्याळावर चालतं, बघणाऱ्याच्या नाही. भारतीय वेळेनुसार सकाळी नऊ ते संध्याकाळी सात अशी जाहिरात ठेवली, तर उन्हाळ्यात एडिसनमध्ये ती रात्री साडेअकरा ते सकाळी साडेनऊ चालते. म्हणजे ती झोपलेली असताना. परदेशातल्या मुलांसाठी म्हणून मी कॅम्पेनच वेगळं करते, त्याचं वेळापत्रक वेगळं ठेवते, आणि चौकशी फोनऐवजी व्हॉट्सॲपवर घेते.

२. "तिथे असलेले" की "तिथलं शोधणारे"?

गुगल ॲड्समध्ये गाव निवडल्यावर खाली लोकेशन ऑप्शन्स अशी एक बारीक ओळ असते. ती मिटलेली असते. दाबली की उघडते. आत दोन पर्याय मिळतात. पहिल्यात त्या गावात असलेले, तिथे नेहमी येणारे-जाणारे आणि त्या गावाबद्दल रस दाखवणारे असे सगळे येतात. दुसऱ्यात फक्त तिथे असलेले आणि नेहमी येणारे-जाणारे. सुरुवातीला पहिलाच निवडलेला असतो आणि त्याच्यापुढे शिफारस म्हणूनही लिहिलेलं असतं, त्यामुळे बहुतेक जण ती ओळ उघडतच नाहीत.

एसी दुरुस्ती, नळकाम, पोळी-भाजीचा डबा, पाण्याचा टँकर यांना दुसरा पर्याय घ्या. हैदराबादेत बसून ठाण्याबद्दल काही वाचणाऱ्याला ठाण्याच्या नळकाम करणाऱ्याची जाहिरात दाखवून कुणाचंच भलं होत नाही. होमस्टे, मंगल कार्यालय, मुलांचं वसतिगृह यांच्यासाठी पहिला पर्याय कामाचा आहे.

कोथरूडच्या पाळणाघराचं मात्र बघण्यासारखं झालं. आईबाप कोथरूडमध्ये राहतात, पण शोध घेतात हिंजवडीच्या ऑफिसातून, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत. आजूबाजूचे तीन किलोमीटर निवडून "फक्त तिथे असलेले" ठेवलं तरी ही मंडळी सुटत नाहीत, कारण कोथरूडला ती नेहमी असतात आणि गुगल त्यांना त्यात धरतं. सुटतात ती वेगळीच: बदली होऊन नागपूरहून किंवा बंगळूरहून पुण्याला यायच्या तयारीत असलेली कुटुंबं. त्यांना अजून घरसुद्धा मिळालेलं नसतं, पण पाळणाघर आधी हवं असतं. आणि पाळणाघराच्या दृष्टीने हे फार चांगलं गिऱ्हाईक, कारण पुण्यात सांभाळायला आजी-आजोबा नाहीत. त्यांच्यासाठी मी छोटं दुसरं कॅम्पेन चालवते. त्यात ठिकाण म्हणून नागपूर आणि बंगळूर, आणि कीवर्डमध्ये, म्हणजे ज्या शोधशब्दांवर जाहिरात दिसते त्यांत, "कोथरूड" हा शब्द असायलाच हवा असं बंधन. खर्च किरकोळ येतो, चौकशी पक्की येते.

ठिकाणांचे अहवालही दोन प्रकारचे असतात: माणूस प्रत्यक्ष कुठे होता हे सांगणारा, आणि तुम्ही निवडलेल्या कुठल्या ठिकाणामुळे तो जुळला हे सांगणारा. दोन्ही शेजारी उघडून वाचा. जाहिरात कुठे गळतेय ते तिथे स्पष्ट दिसतं.

३. गोल वर्तुळावर विसंबू नका

दुकानावर टाचणी टोचायची आणि भोवती वीस किलोमीटरचं वर्तुळ काढायचं, ही सोय दिसायला फार छान. पण सह्याद्री, खाडी आणि समुद्र यांचा त्या वर्तुळाला पत्ता नसतो.

मांडव्याजवळच्या एका बंगल्याचं उदाहरण घ्या. वीस किलोमीटरचं वर्तुळ काढलं की कुलाबा, फोर्ट, गेटवे सगळं आत येतं. गाडीने हेच अंतर नव्वद किलोमीटरच्या पुढे जातं, पेणला वळसा घालून. मग हे वर्तुळ चूक का? लाँचने येणाऱ्यासाठी ते अगदी बरोबर आहे. कुलाब्यातला माणूस तासाभरात मांडव्याला उतरतो. पावसाळ्यात गेटवेच्या लाँचा बंद असतात, तेव्हा तेच वर्तुळ खोटं ठरतं. मार्च २०२०मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो सुरू झाली, गाडीसकट समुद्र ओलांडता येऊ लागला, आणि मध्य मुंबईतलं गिऱ्हाईक अलिबागच्या जवळ आलं. वर्तुळ तेच, पण त्याचा अर्थ जलवाहतुकीच्या वेळापत्रकाप्रमाणे बदलत गेला. म्हणून त्या बंगल्याला मी वर्तुळ देतच नाही. दक्षिण आणि मध्य मुंबई एका कॅम्पेनमध्ये, ठाणे-नवी मुंबई दुसऱ्यात. पहिल्याच्या मजकुरात "जेट्टीपासून रिक्षा मिळते", दुसऱ्याच्या मजकुरात "गाडी लावायला आवारात जागा".

दाभोळ आणि धोपावे यांच्यामध्ये वाशिष्ठीची खाडी आहे. फेरीबोटीत बसलं की पलीकडे, गाडीरस्त्याने जायचं तर चिपळूणला मोठा वळसा. दाभोळच्या हॉटेलचं वर्तुळ गुहागर तालुक्यात शिरतं, आणि शेवटची फेरी सुटून गेल्यावर रात्रीच्या जेवणाची जाहिरात पलीकडे दाखवण्यात काय हशील? तिथे मी वेळ बांधून देते. फेरी चालू तोवर पलीकडचं ठिकाण चालू.

घाटांचंही तेच. वरंधा घाट पावसाळ्यात वाहतुकीला बंद झाला की भोर आणि महाड यांच्यामधलं अंतर नकाशावर तेवढंच राहतं आणि प्रत्यक्षात कितीतरी वाढतं. उलट बाजूने, जानेवारी २०२४मध्ये शिवडी ते न्हावाशेवा अटल सेतू सुरू झाला आणि उरण-पनवेलची बाजू मुंबईच्या एका दिवसाच्या फेरफटक्यात आली. ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा जून २०२५मध्ये खुला झाला. असा एखादा रस्ता सुरू झाला की मी त्या भागातल्या सगळ्या कॅम्पेनची ठिकाणं पुन्हा काढून बसते. अंतर किलोमीटरमध्ये मोजू नये, गिऱ्हाईक किती वेळात पोचतं त्यात मोजावं.

४. पिनकोड शहरात वापरा

पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला आणि त्यामागे आपले श्रीराम भिकाजी वेलणकर होते, टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे पंडित. पहिला आकडा विभागाचा. महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांचा ४. शेवटचे तीन आकडे टपाल वाटणाऱ्या कार्यालयाचे. म्हणजे टपालाची पिशवी कुठून कुठे जावी यासाठी केलेली ही आखणी, आणि पोचवायच्या धंद्यांना ती आजही उत्तम बसते. देवगडहून आंब्याच्या पेट्या घेऊन येणारी गाडी पुण्यात ज्या भागात फिरते, तेवढेच पिनकोड निवडा. गाडी वाघोलीला जात नसेल तर वाघोली सोडा. गिऱ्हाइकाने फोन करायचा आणि आपण "तिकडे येत नाही हो" म्हणायचं, यात दोघांचा वेळ जातो आणि क्लिकचे पैसे आपले जातात.

खेड्यात एकेका पिनकोडाखाली बरीच गावं आणि वाड्या असतात. तिथे त्याचा फारसा उपयोग नाही. तालुका किंवा जिल्हा घ्या.

५. साताऱ्यातला फोन मुंबईत दिसू शकतो

माणूस कुठे आहे हे गुगलला कळतं कशावरून? फोनचं लोकेशन चालू असेल तर उपग्रहावरून, जवळच्या वायफायवरून, मोबाइलच्या टॉवरवरून. ते बंद असेल तर बरंचसं आयपी पत्त्यावरून, आणि तो पत्ता फार ढोबळ. तालुक्याच्या गावातल्या फोनची इंटरनेटची वाट कंपनीच्या मोठ्या शहरातल्या यंत्रणेतून बाहेर पडते, त्यामुळे वाईचा किंवा फलटणचा माणूस अहवालात पुण्यात नाहीतर मुंबईत नोंदला जाऊ शकतो. आपल्याकडची मोबाइलची मंडळंही राज्याच्या नकाशाप्रमाणे नाहीत: मुंबईचं मंडळ वेगळं, आणि महाराष्ट्राच्या मंडळात गोवाही येतो.

याचा व्यवहारात अर्थ एवढाच की फक्त एक छोटा तालुका निवडून जाहिरात लावू नका. बरीच गिऱ्हाइकं यंत्राला तिथे दिसणारच नाहीत. जिल्हा घ्या, हवा तर शेजारचाही घ्या, आणि गावाचं नाव कीवर्डमध्ये घाला. ज्याने शोधताना स्वतःच "फलटण" लिहिलंय, त्याचं ठिकाण शोधायला उपग्रहाची गरज पडत नाही. आणि अहवालात मुंबईचा आकडा फुगलेला दिसला म्हणून मुंबई बंद करायची घाई करू नका. त्यात आपलीच माणसं असू शकतात.

६. एका नावाची दोन गावं, एका गावाची दोन नावं

कर्जत रायगडात आहे आणि अहिल्यानगर जिल्ह्यातही आहे. मालेगाव नाशिकचं आणि वाशिमचं. खेड रत्नागिरीचं, आणि पुणे जिल्ह्यातलं खेड, म्हणजे राजगुरुनगर. कळंब धाराशिव जिल्ह्यात आणि यवतमाळ जिल्ह्यातही. शिवाजीनगर तर किती शहरांत आहे याची मोजदाद नको. मुंबईकर "कर्जत फार्महाऊस" शोधतो तेव्हा त्याला उल्हास नदीकाठचं कर्जत हवं असतं. अहिल्यानगरकडच्या कर्जतच्या ट्रॅक्टर दुरुस्तीवाल्याला या क्लिकचा काय उपयोग? अशा गावांत काम असेल तर वगळायच्या शब्दांची यादी पहिल्या दिवशीच करा. फार्महाऊस, रिसॉर्ट, ट्रेक, धबधबा हे शब्द तिकडच्या कर्जतसाठी वगळा. रायगडच्या कर्जतसाठी बाजार समिती, पंचायत समिती, तहसील वगळा.

नामांतराचं काम याहून नाजूक. २०२३मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं, २०२४मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर. जाहिरातीच्या मजकुरात मी आजचं अधिकृत नाव लिहिते. कीवर्डमध्ये मात्र दोन्ही नावं ठेवते, कारण बोटांना सवय जुन्या नावाची असते आणि ती कुणाला टोकून बदलत नाही. फर्निचरच्या दुकानाची शोधशब्दांची यादी मी एकदा नीट वाचली होती. "संभाजीनगर सोफा सेट", "छ. संभाजीनगर फर्निचर", "औरंगाबाद फर्निचर मार्केट", इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं "संभाजी नगर" तुटक, नुसतं "सिडको एन ५ सोफा". जुन्या नावात आणखी एक अडचण आहे: बिहारमध्येही औरंगाबाद जिल्हा आहे आणि त्याचं नाव तेच आहे. तिथल्या माणसाने "औरंगाबाद फर्निचर" शोधलं तर त्याला आपली जाहिरात दिसायला नको. म्हणून जुन्या नावाचे कीवर्ड जिथे आहेत तिथे बिहार राज्य वगळलेलं असलंच पाहिजे.

वस्तीची आणि भागाची नावंही विसरू नका. मोठ्या शहरात माणूस शहर लिहीत नाही. तो सिडको लिहितो, सातपूर लिहितो, राजारामपुरी लिहितो.

७. चंदगडचं गिऱ्हाईक बेळगावला जातं

"ठिकाण: महाराष्ट्र" ही सगळ्यात आळशी निवड आहे असं माझं स्पष्ट मत. चंदगड तालुका कोल्हापूर जिल्ह्यात, पण खरेदीला, दवाखान्याला बेळगाव जवळ. सिंधुदुर्गातला पेशंट बांबोळीला गोव्यात जातो. सोलापूरच्या चादरीच्या दुकानात विजयपूर आणि कलबुर्गीचं गिऱ्हाईक येतं. नंदुरबारहून सुरत गाठणारे कितीतरी. दुकान हद्दीजवळ असेल तर राज्य न निवडता दोन्हीकडचे तालुके नाहीतर जिल्हे निवडा, आणि बेळगावसाठी मराठी मजकुराची वेगळी जाहिरात करा. ती वाचणारं मराठी गिऱ्हाईक तिथे आहे.

सावंतवाडी-वेंगुर्ल्याच्या होमस्टेंचा बाजार तर गोव्यातल्या मोपा विमानतळाने बदलला. पेडणे तालुक्यातला हा विमानतळ जानेवारी २०२३पासून चालू आहे आणि महाराष्ट्राच्या हद्दीला अगदी लागून आहे. दिल्ली-बंगळूरचा माणूस "गोवा" म्हणून शोधतो, मोप्याला उतरतो, आणि तिथून रेडी-शिरोडा हाकेच्या अंतरावर असतं. त्याला शिरोड्याचं नावही ठाऊक नसतं. अशा वेळी "गोवा विमानतळाजवळ शांत समुद्रकिनारा" ही ओळ खरी आहे आणि लिहिण्यासारखी आहे. मात्र घर महाराष्ट्रात आहे हे त्याच जाहिरातीत स्वच्छ लिहावं. गोवा म्हणून बोलावून सिंधुदुर्गात उतरवलेला पाहुणा परत येत नाही, आणि ते बरोबरच आहे.

८. प्रत्येक गावाचा हंगाम वेगळा

भंडारदऱ्याचे काजवे मेच्या मध्यापासून पहिल्या पावसापर्यंत. कासची फुलं ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर. पंढरपूरच्या धर्मशाळा-लॉज आषाढीला. वर्षभर सारखं बजेट वाटून टाकणारी जाहिरात या गावांना परवडत नाही. भंडारदऱ्याच्या तंबूवाल्याचं जवळजवळ सगळं बजेट मी त्या चार-पाच आठवड्यांत आणि त्याच्या थोडं आधी खर्च करते, तेही नाशिक, ठाणे आणि पुणे एवढ्यावरच.

हापूसचं बोलायलाच हवं. २०१८मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर हे जिल्हे येतात. इथे ठिकाण हाच माल आहे. पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक "देवगड हापूस" असं गावासकट शोधतं, आणि त्या नावावर भलत्याच भागातला आंबा खपवणारे जाहिरातीत भरपूर पैसे ओततात. खऱ्या बागायतदाराने त्यांच्याशी जाहिरातीच्या बोलीत बरोबरी करू नये. बागेचा पत्ता, कलमांचे स्वतः काढलेले फोटो, मानांकनाचा नोंदणी क्रमांक जाहिरातीमागच्या पानावर ठेवावा, आणि माल हातात आल्यावरच जाहिरात चालू करावी. अमेरिकेतून चौकशा येतात त्या बहुतेक पुण्यातल्या आईवडिलांना पेटी पाठवण्यासाठी. तिकडे आंबा पाठवायचा तर विकिरण प्रक्रिया करूनच पाठवावा लागतो; २००७पासून ती वाट उघडली, पण एकट्या बागायतदाराला पेटी घेऊन त्या वाटेने जाता येत नाही. म्हणून एडिसनला दिसणाऱ्या जाहिरातीत पहिलीच ओळ असते: "घरपोच फक्त पुणे आणि मुंबईत."

९. आधी नकाशावरचा पत्ता, मग जाहिरात

गुगल बिझनेस प्रोफाइलला पैसे पडत नाहीत आणि छोट्या दुकानाला अनेकदा जाहिरातीपेक्षा त्याचाच उपयोग जास्त होतो. जवळचं दुकान दाखवताना गुगल तीन गोष्टी बघतं: शोधाशी जुळणी, अंतर, आणि दुकानाची प्रसिद्धी. अंतर आपल्या हातात नाही. उरलेल्या दोन्ही आहेत.

टाचणी कुठे टोचलीय ते प्रत्यक्ष चालत जाऊन तपासा. सोसायटीच्या मागच्या भिंतीवर टोचलेली टाचणी मी किती दुकानांत बघितली आहे. नकाशा गिऱ्हाइकाला मागच्या गल्लीत नेऊन सोडतो आणि समोर सहा फुटी भिंत असते. दुकानाच्या नावात गावं कोंबू नका, पाटीवर आहे तेच नाव लिहा. नियमही तोच आहे. पडताळणी हल्ली बऱ्याचदा व्हिडिओवर होते. रस्त्यावरून सुरुवात करा, शेजारच्या दुकानाची पाटी दिसू द्या, मग आपली पाटी, मग कुलूप उघडून आत. जे घरोघरी जाऊन काम करतात त्यांनी घरचा पत्ता झाकून सेवेचे भाग द्यावेत. वीसपर्यंत देता येतात. वीसच्या वीस भरायचा अट्टहास नको. आपली दुचाकी जिथे खरंच जाते तेवढेच भरा.

१०. कायदाही ठिकाणाबरोबर येतो

एकच शोधयंत्र, पण भारतात त्याला भारताचा कायदा. गर्भलिंग निदानाच्या जाहिरातीला १९९४च्या कायद्याने बंदी आहे, आणि महाराष्ट्राने त्याच्याही आधी, १९८८मध्ये, गर्भलिंग निदानाला आळा घालणारा स्वतःचा कायदा केला होता. तरी इंटरनेटवर अशा जाहिराती झळकत राहिल्या. डॉ. साबू जॉर्ज यांच्या याचिकेवर २०१६-१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांना भारतात त्या जाहिराती अडवायला लावल्या. दुसऱ्या देशात चालते ती जाहिरात इथे चालणार नाही, हे न्यायालयाने ठणकावून सांगितलं. माझ्या व्यवसायातल्या प्रत्येकाने हा निकाल माहीत करून घ्यावा. जाहिरात कुणाचा जीव घेऊ शकते हे त्यातून कळतं.

बांधकाम व्यावसायिकांसाठी महारेराचा नोंदणी क्रमांक जाहिरातीत हवाच, आणि १ ऑगस्ट २०२३पासून क्यूआर कोडही. जाहिरात दुबईत बसलेल्या माणसाला दाखवली तरी इमारत महाराष्ट्रात आहे, नियम महाराष्ट्राचेच.

११. फोन करणाऱ्याला विचारा, "कुठून बोलताय?"

बोली लावण्याचं काम आता बहुतांशी यंत्र करतं. स्वयंचलित बोली चालू असली की "पुण्याला वीस टक्के जास्त" असं हाताने सांगून काही होत नाही; यंत्र माणसाचं ठिकाण बघून स्वतःच ठरवतं. पण कुठल्या गावचं गिऱ्हाईक शेवटी पैसे देऊन गेलं, हे आपण कळवल्याशिवाय त्याला समजणार कसं? त्याला फक्त क्लिक आणि फोन दिसतात. म्हणून फोन घेणाऱ्याच्या शेजारी वही ठेवा आणि तीन रकाने आखा: कुठून बोलताय, कशासाठी, आणि बुकिंग झालं की नाही. पक्क्या बुकिंगची यादी मी दर पंधरवड्याला खात्यात भरते.

गुहागरच्या एका होमस्टेत ही वही तो चालवणाऱ्या मावशींच्या मुलाने मन लावून भरली. जाहिरात आम्ही पुणे आणि मुंबईत चालवत होतो आणि फोन तिथूनच जास्त येत. पण "बुकिंग झालं" या रकान्यात कराड, इस्लामपूर, सांगली, मिरज ही नावं पुन्हा पुन्हा होती. तिथून जाहिरातीवर एकही फोन आला नव्हता, कारण तिथे जाहिरात दिसतच नव्हती. ही मंडळी ओळखीपाळखीने विचारत आली होती. कुंभार्ली घाट उतरला की चिपळूण, आणि चिपळूणहून गुहागर. सांगली-कराडच्या माणसाला समुद्र बघायचा तर ही सरळ वाट, आणि पुणेकरासारखं शनिवारीच यायला हवं असंही त्यातल्या ऊसवाल्यांना नसतं. आता त्या होमस्टेचं तिसरं कॅम्पेन सांगली आणि सातारा जिल्ह्यांत चालतं, सोमवार ते गुरुवारच्या मोकळ्या खोल्यांसाठी, आणि जाहिरातीत लिहिलेलं असतं: "कराडहून कुंभार्ली घाटाने या. मासळीचं जेवण तयार ठेवतो, निघताना फोन करा."